आधी नेमबाज, मग दारूगोळा, शेवटी रायफल

पोलिसांना चांगली हत्यारे मिळाली पाहिजेत, याविषयी आज कोणाचेच दुमत नाही. आमचेही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री एके-४७ घेऊन आलेल्या दहा अतिरेक्यांसमोर मुंबईचे पोलीस जुनाट .३०३ रायफली आणि काठ्या घेऊन उभे राहिले, हे सगळ्या देशाने पाहिले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळाले, ते योग्यच झाले. पण शिपायाने छाती पुढे करावी आणि सरकारने मागाहून पदक द्यावे, ही काही पोलीस दल चालवण्याची रीत नव्हे.

तेव्हा हत्यारे घ्यावीत की नाही, हा वादच नाही. वाद आहे तो ती निवडायची कशी, याचा. एखादी मोठी घटना घडली की राज्याराज्यांत स्नायपर पथकांची, म्हणजे दडून बसून अचूक नेम धरणाऱ्या पोलीस तुकड्यांची चर्चा निघते. आणि ती सुरू कुठून होते? रायफल कोणत्या कंपनीची, मारा किती मीटरचा, किंमत किती लाख! हत्यार आले की ते टेबलावर मांडले जाते, पाहुणे दुर्बिणीला डोळा लावतात, फोटो छापून येतो. ती रायफल कोण चालवणार, तो वर्षाला किती गोळ्या झाडणार, त्या कोणत्या कारखान्यातून येणार, आणि चाप ओढण्याचा हुकूम कोण देणार, हे प्रश्न कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हा क्रम उलटा आहे. रायफल ही सर्वांत शेवटी निवडायची वस्तू आहे.

पल्ल्याचा मोह

लष्कराचा स्नायपर आणि पोलिसांचा स्नायपर यांचे नाव एक, पण काम निराळे. नियंत्रण रेषेवरच्या जवानाला समोरच्या डोंगरावरचा शत्रू टिपायचा असतो. तिथे हजार मीटरपुढचा मारा लागतो. म्हणून २०१९ मध्ये लष्कराने उत्तर विभागासाठी .३३८ लापुआ मॅग्नम आणि .५० कॅलिबरच्या परदेशी रायफली घेतल्या, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पोलिसांचे काय? अमेरिकन स्नायपर असोसिएशनने तिकडच्या पोलिसांच्या वीस वर्षांतल्या प्रसंगांचा अभ्यास करून २००५ मध्ये अहवाल काढला. त्यात पोलीस स्नायपरच्या गोळीचे सरासरी अंतर निघाले ५१ यार्ड, म्हणजे जेमतेम ४७ मीटर! आपल्याकडेही चित्र वेगळे नाही. २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसभोवती एनएसजीचे स्नायपर बसले, ते आजूबाजूच्या इमारतींत.

आता आपल्या इंदूरकडे या. राजवाड्यासमोर उभे राहून सांगा, आठशे मीटर सरळ मोकळी नजर कोणत्या दिशेला जाते? सराफ्यात? कृष्णपुऱ्याकडे? रंगपंचमीची गेर किंवा अनंत चतुर्दशीच्या झाँकी डोळ्यांपुढे आणा. अशा गर्दीच्या शहरात लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हा पोलीस स्नायपरपुढचा पहिला प्रश्न असतो. .३३८ च्या गोळीत नेहमीच्या .३०८ च्या जवळजवळ दुप्पट शक्ती असते. ती शक्ती लक्ष्यापाशी थांबत नाही. पलीकडची भिंत, भिंतीपलीकडचे घर आणि घरातला माणूस यांचाही हिशेब करावा लागतो. सैनिकाची गोळी चुकली तर ती बहुधा डोंगरात जाते. पोलिसाची चुकली तर एखाद्या बिऱ्हाडात शिरते.

याच मोहापायी दुसरी एक चूक होते. लष्कराकडे आहे म्हणून तेच पोलिसांना द्या, असे म्हटले जाते. ड्रॅगुनोव्हचे उदाहरण घ्या. सोव्हिएत लष्कराने १९६३ मध्ये स्वीकारलेली ही दणकट आणि भरवशाची रायफल आहे. पण ती घडवली तुकडीबरोबर चालणाऱ्या आणि सहाशे-आठशे मीटरवर उभ्या माणसाला टिपणाऱ्या सैनिकासाठी. ओलिसाच्या खांद्याआडून तळहाताएवढा दिसणारा गुन्हेगार पहिल्याच गोळीत टिपणे, हे तिचे कामच नव्हे. त्यात हत्यार वाईट ठरत नाही. निवडणाऱ्याने काम पाहिले नाही, एवढेच ठरते.

म्यूनिकचा धडा अर्धाच वाचला

पोलीस स्नायपरचा विषय निघाला की ५-६ सप्टेंबर १९७२ ची रात्र आठवावीच लागते. म्यूनिक ऑलिम्पिकमधल्या इस्रायली खेळाडूंना ओलीस धरणाऱ्यांवर फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर जर्मन पोलिसांनी सापळा लावला. नेमबाज पाच आणि अतिरेकी आठ, ही मोजदादच आधी चुकलेली. नेमबाजही खास तयार केलेले नव्हते. नेमबाजीची हौस असलेले साधे पोलीस होते. हातात लष्करी जी-३ रायफली, त्यांना दुर्बिणी नाहीत, रात्री दिसण्याची सोय नाही, आपसांत बोलायला वायरलेस नाही. तिथले नऊही ओलीस मारले गेले. एक पोलीसही गेला.

यातून जगाने कोणता धडा घेतला? शस्त्रकंपन्यांनी घेतला तो हत्यारांचा. हेकलर अँड कोखने पीएसजी-१ ही रायफल काढली. तीनशे मीटरवर पन्नास गोळ्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत, अशी तिची अट. वजन दुर्बिणीसकट आठ किलोच्या वर. वाल्थर कंपनीने त्याहून नामी अशी डब्ल्यूए-२००० काढली. ती इतकी महाग पडली, की सगळ्या मिळून १७६ रायफली तयार झाल्या आणि कारखान्याने हात टेकले.

पण जर्मन सरकारने घेतलेला धडा वेगळा होता, आणि तो आपण वाचतच नाही. त्याच सप्टेंबर महिन्यात त्यांनी जीएसजी-९ हे कायमचे पथक उभे केले. हौशी नेमबाजांऐवजी रोज तेच काम करणारी माणसे आली. हत्यारे त्यांच्यापाठोपाठ आली.

फ्रान्सने तर हे चार वर्षांत सिद्ध करून दाखवले. फेब्रुवारी १९७६ मध्ये जिबूतीजवळ लोयादा येथे फ्रेंच मुलांनी भरलेली शाळेची बस पळवली गेली. जीआयजीएनची मोजकी माणसे तिथे पोचली. हातात एफआर-एफ१ रायफली. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागे, अशा साध्या. ते उन्हात तासन् तास पडून राहिले. मुलांना जेवणातून गुंगीचे औषध दिले गेले, ती आडवी झाली, खिडक्यांत फक्त मोठ्यांची डोकी उरली. प्रत्येक नेमबाजाने आपापले लक्ष्य वाटून घेतले होते. सगळ्यांची लक्ष्ये एकाच वेळी दिसली तेव्हाच हुकूम झाला आणि गोळ्या एकदम सुटल्या. दोन मुली वाचू शकल्या नाहीत, हे दुःख आहेच. पण बसमधली इतर मुले घरी परतली. तिथे कोणती जादूची रायफल होती? एकही नाही. थांबण्याची शिस्त होती, कामाची वाटणी होती आणि एकाच तोंडून निघणारा हुकूम होता.

काच, काडतूस आणि कायदा

अलीकडचे उदाहरण सिडनीचे. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या लिंट कॅफेत एका इसमाने लोकांना ओलीस धरले. पोलिसांकडे हत्यारांची वाण नव्हती. समोरच्या बँकेच्या इमारतीत स्नायपर बसले होते. पण त्यांच्यापुढची खिडकी उघडत नव्हती. काचेतून जाताना गोळीची दिशा बदलते, म्हणून आपली काच आणि कॅफेची काच या दोन्हींचा विचार त्यांना करावा लागला. नंतरच्या न्यायालयीन चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या इसमाचे डोके वाटावे असे काहीतरी काही मिनिटे दिसत होते. पण तोच आहे अशी खात्री नव्हती, आणि त्या क्षणी गोळी झाडणे कायद्यात बसते की नाही, याची शंका होती. अखेर पोलीस आत घुसले, तेव्हा कतरीना डॉसन ही ओलीस महिला पोलिसांच्याच गोळ्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी मरण पावली.

वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. एका श्रीमंत देशाच्या सुसज्ज पोलीस दलाला तीन गोष्टींनी अडवले: काच, काडतूस आणि कायदा. यातल्या एकीचाही उल्लेख रायफलीच्या माहितीपत्रकात नसतो.

कायद्याचे तर आपल्याकडे विशेष आहे. एखाद्याचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडणाऱ्या पोलिसाला शेवटी आधार असतो तो खासगी संरक्षणाच्या हक्काचा. पूर्वी ही कलमे भारतीय दंड संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. धोका प्रत्यक्ष आणि तातडीचा होता काय, हे न्यायालय विचारणार. हुकूम देणारा साहेब तेव्हा बदलून गेलेला असणार आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणार तो हवालदार. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. मग अशा प्रसंगी हुकूम कोणाचा, तो कोणत्या शब्दांत द्यायचा, कोणत्या स्थितीत नेमबाजाने हुकमाची वाटही पाहू नये, हे लेखी ठरलेले असलेच पाहिजे. ते ठरवल्याशिवाय रायफल देणे म्हणजे शिपायाच्या गळ्यात धोंडा बांधणे आहे.

पैसा कुठे जायला हवा

आता हिशेबाकडे येऊ. पोलीस स्नायपरसाठी .३०८ ची, म्हणजे व्यवहारात लष्करी ७.६२ बाय ५१ च्या जातीची, जाड नळीची साधी बोल्ट रायफल पुरते. जगातल्या बहुतेक पोलीस पथकांनी वर्षानुवर्षे त्याच जातीवर काम भागवले आहे. ऑस्ट्रियाची एसएसजी-६९ त्यातलीच. आपल्या देशातही आता अशा रायफली बनतात. बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सची व्हायपर याच कॅलिबरची आहे. म्हणजे रायफल हा आता दुर्मीळ माल राहिलेला नाही.

दुर्मीळ आहेत त्या बाकीच्या गोष्टी. पहिली दुर्बीण. रायफल स्वस्त चालेल, दुर्बीण स्वस्त चालणार नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ओलीस कोण आणि गुन्हेगार कोण, हे तिच्यातूनच ओळखायचे असते. दुसरी काडतुसे. साध्या लष्करी काडतुसांवर सराव करायचा आणि प्रसंगाला आयात केलेली अचूक काडतुसे काढायची, हा प्रकार घातक आहे, कारण दोन्हींचा नेम एकाच जागी बसत नाही. सराव आणि काम एकाच जातीच्या, शक्यतो एकाच खेपेच्या काडतुसांवर व्हायला हवे. तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. आठवड्याला पन्नास गोळ्या धरल्या तर एका नेमबाजाला वर्षाला २,६०० काडतुसे लागतील. .३०८ च्या नळीचे आयुष्य पाच हजार फैरींच्या आसपास धरले, तर दोन वर्षांत नळी बदलायला येईल. म्हणजे जी स्नायपर रायफल दहा वर्षांनंतरही नवी कोरी दिसते, ती अभिमानाने दाखवण्याची वस्तू नव्हे, लाज वाटावी अशी वस्तू आहे.

हे काल्पनिक भय नाही. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या कारभारात काय पाहिले? दारूगोळ्याच्या टंचाईमुळे गोळीबाराचा सरावच होत नव्हता! बंदूक आहे पण गोळी नाही, आणि गोळी आहे पण ती सरावाला द्यायची नाही, ही आपली खरी दुखणी. .३०३ चा घराणेवृक्ष एकोणिसाव्या शतकात जातो. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० मध्ये निरोप दिला. पण .३०३ जाऊन लाखांची रायफल आली आणि सराव तेवढाच राहिला, तर बदलले काय? फक्त कोठारातल्या नोंदवहीतले नाव.

आणि निविदांचा घोळ वेगळाच. सर्वांत कमी बोलीवाल्याला काम, हा नियम खुर्च्या-टेबलांना ठीक आहे. पण अटींच्या कागदात दुर्बीण, काडतुसे, सुट्या नळ्या, दुरुस्ती आणि शिक्षण हे एकत्र मागितलेच नाही, तर स्वस्त बोलीवाला उघडी रायफल आणून ठेवणार आणि हात झटकणार. उलट अटी इतक्या भारी लिहिल्या की कोणालाच पुऱ्या करता येत नाहीत, असेही होते. लष्कराची ५,७१९ स्नायपर रायफलींची निविदा अशीच २०१९ मध्ये गुंडाळावी लागली. अटी कोण लिहितो, यावर सगळे अवलंबून आहे. आमचे मत स्पष्ट आहे: ज्याच्या खांद्याला तो दस्ता टेकणार आहे, त्या हवालदाराला आणि निरीक्षकाला अटी लिहिताना टेबलापाशी बसवा. चाचणीही त्यांच्याच हातून, आपल्याच काडतुसांनी आणि थंड नळीतून निघणाऱ्या पहिल्या गोळीवर घ्या. प्रत्यक्ष प्रसंगी दुसरी गोळी मिळेलच असे नाही.

महादजींना जे कळले

आपल्या माळव्यातल्या आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. महादजी शिंद्यांनी द बॉयनला ठेवून घेतले ते नुसत्या तोफा आणण्यासाठी नाही. त्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या, नियमित पगार बांधला, आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना काढला. 'कंपू' हा शब्द मराठीत रुळला तो या पलटणींमुळे. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे जे यश मिळाले, त्यामागे तोफ, तोफखानी, दारू आणि पगार हे चारही होते. एकटी तोफ विकत घेऊन यश मिळत असते, तर हिंदुस्थानातला प्रत्येक संस्थानिक विजयी झाला असता.

आज आमच्या दारात काय नाही? इंदुरात सीमा सुरक्षा दलाची सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स आहे. २०२४ मध्ये दलातल्या पहिल्या महिला स्नायपर सुमन कुमारी तयार झाल्या, त्या इथल्याच आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून. महूला इन्फंट्री स्कूल आहे, लष्कराचे नेमबाजी पथक आहे. देशातली उत्तम विद्या एका तासाच्या वाटेवर असताना रायफलीची चर्चा माहितीपत्रकावर व्हावी, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, एनएसजी आहे ना! २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्याला त्यांची केंद्रे झाली, हे खरे. पण मुंबईत २००८ मध्ये हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला, आणि एनएसजी कारवाईला लागली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. मुंबईहून इंदूर पावणेसहाशे किलोमीटर. पहिले काही तास आपल्याच पोलिसांचे असणार, आणि ओलिसांचे भवितव्य पुष्कळदा त्याच तासांत ठरते.

आणखी कोणी म्हणेल, ही गुप्त बाब आहे, नागरिकांनी यात बोलू नये. रायफली किती आणि कुठे ठेवल्या, हे आम्ही विचारतच नाही. ते गुप्तच असावे. आमच्या मागण्या चारच आहेत. एक, प्रत्येक स्नायपरला वर्षाला किमान किती गोळ्यांचा सराव मिळणार, हे ठरवून त्याची तरतूद रायफलीच्या आधी मंजूर करावी. दोन, खरेदी एकत्र व्हावी: दुर्बीण, काडतुसे, सुट्या नळ्या, दुरुस्ती करणारा कारागीर आणि शिक्षण यांसह. तीन, गोळी झाडण्याच्या हुकमाची लेखी पद्धत असावी आणि वर्षातून दोनदा तिची तालीम व्हावी, त्यात हुकूम देणारे अधिकारीही असावेत. चार, स्नायपरची बदली मनमानी होऊ नये. तीन वर्षे घडवलेला नेमबाज चौथ्या वर्षी वाहतूक नाक्यावर उभा करणे ही उधळपट्टी आहे.

वाचकहो, येत्या काळात आपले आमदार किंवा नगरसेवक भेटले आणि पोलिसांसाठी आधुनिक रायफली आणल्याचे सांगू लागले, तर त्यांचे अभिनंदन जरूर करा. आणि लगेच एक प्रश्न विचारा: साहेब, गेल्या वर्षी त्यांतून किती गोळ्या झाडल्या? उत्तर आले तर मंडळाकडे कळवा, आम्ही ते या पत्रात आनंदाने छापू. उत्तर आले नाही, तर तेही छापू.